प्रकटीकरण वाचायला भीती वाटते? शेवटच्या काळाची भविष्यवाणी, साध्या भाषेत

कुठं युद्ध पेटलं, मोठा भूकंप झाला किंवा नवीन आजार आला की लगेच फोनवर मेसेज फिरायला लागतात, "हे सगळं बायबलमध्ये आधीच लिहिलंय", खाली वचनाचा अर्धा तुकडा आणि वर लालभडक आकाशाचा फोटो. कोणी घाबरतं, कोणी हसून सोडून देतं, आणि मूळ पुस्तक उघडून बघणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहावं, की ही शेवटच्या काळाची भविष्यवाणी बायबलमध्ये नेमकी कुठं आहे, त्यात काय आहे आणि लोक एवढे वाद घालतात ते कशावरून.

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढं वाचताना तुम्हाला कळेल मी कुठून बोलतोय. ही भविष्यवाणी टाइमटेबल म्हणून वाचली की हातात गोंधळच येतो. ज्यांचा छळ चालला होता, ज्यांच्या देवळाची राख झाली होती, त्या लोकांना शेवटी कोण जिंकणार हे सांगायला ती लिहिली गेली. आणि जिंकणारा कसा जिंकतो, तो भाग तर फॉरवर्डवाले हमखास गाळतात.

बरं, लोकांना वाटतं हा विषय म्हणजे फक्त प्रकटीकरण, बायबलचं शेवटचं पुस्तक. तसं नाहीये. जुन्या करारात दानीएल, यहेज्केल, यशया, जखऱ्या यांच्यात मोठा मालमसाला आहे, नव्या करारात येशूचं जैतुनाच्या डोंगरावरचं बोलणं (मत्तय २४, मार्क १३, लूक २१), पौल या प्रेषितानं थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेली दोन पत्रं आणि करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा १५ वा अध्याय, पेत्राच्या दुसऱ्या पत्राचा ३ रा अध्याय, आणि मग सगळ्यात शेवटी प्रकटीकरण. प्रकटीकरणाचे २२ अध्याय, ४०४ वचनं, आणि गंमत म्हणजे त्यातली बहुतेक चित्रं नवीन नाहीतच, जुन्या करारातून उचललेली आहेत. त्यामुळं जुना करार न वाचता थेट प्रकटीकरण उघडलं तर डोकं गरगरणारच.

दानीएलपासून सुरू करू. दुसऱ्या अध्यायात बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याला स्वप्न पडतं, एक भला मोठा पुतळा, डोकं सोन्याचं, छाती नि हात चांदीचे, पोट नि मांड्या पितळेच्या, पाय लोखंडाचे आणि पावलं अर्धी लोखंडाची अर्धी मातीची. मग कोणाचाही हात न लागता एक दगड सुटून येतो, पावलांवर आदळतो, अख्ख्या पुतळ्याचा भुगा होतो आणि तो दगड वाढत वाढत सगळी पृथ्वी व्यापणारा डोंगर होतो. दानीएल राजाला सांगतो की सोन्याचं डोकं म्हणजे तूच, तुझ्यानंतर आणखी राज्यं येतील, आणि शेवटी देव असं राज्य उभं करील जे कधी मोडणार नाही. परंपरेनं ही चार राज्यं बाबेल, मेद-पारस, ग्रीस आणि रोम अशी धरतात. सातव्या अध्यायात हेच पुन्हा येतं, पण तिथं पुतळ्याऐवजी समुद्रातून वर येणारी चार श्वापदं आहेत, सिंहासारखं, अस्वलासारखं, चित्त्यासारखं, आणि चौथं इतकं भयंकर की त्याला उपमाच दिलेली नाही. मग पुराणपुरुष (म्हणजे देव) राजासनावर बसतो, न्याय होतो, आणि आकाशाच्या मेघांसह "मानवपुत्रासारखा" कोणी येतो, त्याला कायमचं राज्य दिलं जातं. येशू स्वतःला मानवपुत्र म्हणवतो ना, प्रमुख याजकापुढं चौकशी चालू असताना मेघांवर येण्याबद्दल बोलतो ना, ते इथून आलंय. हा धागा सुटला की पुढचं काहीच नीट लागत नाही.

दानीएल कधी लिहिलं गेलं यावर दोन गट आहेत. परंपरा म्हणते इ.स.पू. सहाव्या शतकात, बाबेलच्या बंदिवासात. बरेच आधुनिक अभ्यासक म्हणतात साधारण इ.स.पू. १६५ च्या आसपास, कारण त्या वेळी सिरियाचा ग्रीक राजा अंतियोख चौथा यानं यरुशलेमच्या मंदिरात, इ.स.पू. १६७ मध्ये, परक्या देवाची वेदी उभी केली, यहुदी धर्म पाळण्यावर बंदी आणली, आणि दानीएलच्या ११ व्या अध्यायातलं वर्णन त्या काळाशी अगदी तंतोतंत जुळतं. इ.स.पू. १६४ मध्ये मंदिर पुन्हा शुद्ध झालं, हनुक्का हा सण त्याचाच. म्हणजे साधारण तीन वर्षांचा तो काळ, आणि दानीएलमध्ये छळाचा काळ दिलाय साडेतीन वर्षांचा, "एक समय, दोन समय व अर्धा समय". हेच साडेतीन पुढं प्रकटीकरणात ४२ महिने आणि १२६० दिवस होऊन परत येतं. सात हा पूर्णतेचा आकडा, साडेतीन म्हणजे त्याचा निम्मा, म्हणजे संकट खरं आहे पण त्याला पुरं व्हायची परवानगी नाही, मध्येच तोडलं जाणार. मला तरी हे असंच वाटतं, काही जण मात्र हे शब्दशः कॅलेंडरचे दिवस धरतात.

आता येशूचं बोलणं. शिष्य मंदिराच्या भल्या दगडांचं कौतुक करतात आणि तो म्हणतो, इथं दगडावर दगड राहणार नाही. ते विचारतात, कधी? मत्तय २४ म्हणजे त्या "कधी"चं उत्तर, आणि ते उत्तर फार चमत्कारिक आहे. लढाया ऐकाल, लढायांच्या बातम्या ऐकाल, पण घाबरू नका, एवढ्यात शेवट नाही. दुष्काळ, भूकंप, हे सगळं वेदनांचा फक्त प्रारंभ. म्हणजे ज्या गोष्टी बघून लोक "शेवट आला" म्हणतात, त्याच गोष्टींबद्दल येशू म्हणतोय की हा अजून शेवट नाही! तरी मेसेज फिरतातच. इ.स. ७० मध्ये रोमन सेनापती तीत यानं यरुशलेम घेतलं, मंदिर जळालं, ती भविष्यवाणी तर त्या पिढीतच खरी झाली. पण त्याच अध्यायात मानवपुत्र मेघांवर येईल, निवडलेल्यांना चारी दिशांनी गोळा केलं जाईल असंही आहे, आणि ते अजून व्हायचंय असं बहुतेक ख्रिस्ती मानतात. जवळची गोष्ट आणि लांबची गोष्ट एकाच वाक्यात मिसळलेली, संदेष्ट्यांच्या लिखाणात हे सारखं होतं आणि वादाची निम्मी कारणं इथंच आहेत. आणि मग ३६ वं वचन, तो दिवस आणि ती घटका कोणालाच माहीत नाही, स्वर्गातल्या दूतांना नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला.

एवढं स्पष्ट लिहिलेलं असताना लोकांनी तारखा काढायच्या सोडल्या का? नाही. सगळ्यात गाजलेलं उदाहरण विल्यम मिलर, अमेरिकेतला शेतकरी, नंतर प्रचारक झाला. त्यानं दानीएल ८:१४ मधले २३०० दिवस म्हणजे २३०० वर्षं धरली, इ.स.पू. ४५७ पासून मोजली आणि १८४३-४४ च्या आसपास येशू येणार असं सांगितलं, पुढं त्याच्या चळवळीत २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख पक्की झाली. हजारो लोक वाट बघत बसले, काहींनी शेतातलं पीकसुद्धा काढलं नाही. दुसऱ्या दिवशी सूर्य नेहमीसारखा उगवला. इतिहासात याला "मोठी निराशा" म्हणतात. अलीकडचं सांगायचं तर हॅरल्ड कॅम्पिंग, रेडिओवरचा अमेरिकन प्रचारक, त्यानं २१ मे २०११ सांगितली, मोठमोठे होर्डिंग लागले, ती चुकल्यावर २१ ऑक्टोबर २०११, तीही गेली, शेवटी त्यानं चूक कबूल केली. हे वेड नवीन नाही बरं का. पौलाच्या वेळी, म्हणजे इ.स. ५० च्या सुमारास, थेस्सलनीकात कोणीतरी "प्रभूचा दिवस येऊन ठेपलाय" अशी अफवा उठवली होती आणि त्याच मंडळीत (म्हणजे तिथल्या चर्चमध्ये) काही जण कामधंदा सोडून नुसते हिंडत होते. पौलानं दुसऱ्या पत्रात चांगलं खडसावलंय, ज्याला काम करायला नको त्यानं खाऊही नये. मला तर हे वचन प्रत्येक तारीखवाल्या व्हिडिओखाली चिकटवावंसं वाटतं.

त्याच थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्रात (४:१३-१८) ते प्रसिद्ध "मेघारूढ होऊन वर घेतले जाऊ" आहे. संदर्भ काय होता ते बघा. मंडळीतले काही लोक मरण पावले होते आणि बाकीच्यांना प्रश्न पडला होता की येशू येईल तेव्हा हे लोक मागं राहतील का. पौल म्हणतो नाही, आधी तेच उठतील, मग आपण, आणि आपण सदासर्वदा प्रभूजवळ राहू, या शब्दांनी एकमेकांचं सांत्वन करा. म्हणजे हे दुःखात असलेल्या माणसांसाठी लिहिलेलं आहे. आज आपण जे ऐकतो, की आधी मंडळी गुपचूप उचलली जाईल, मग सात वर्षं महासंकट, मग येशू सगळ्यांसमोर येईल, ही मांडणी मुख्यतः जॉन नेल्सन डार्बी या प्रचारकानं १८३० च्या दशकात पुढं आणली, आणि १९०९ मध्ये स्कोफील्डच्या टीपांचं बायबल आल्यावर ती अमेरिकेत आणि तिथून जगभर पसरली. सात वर्षं येतात दानीएल ९ मधल्या सत्तर सप्तकांच्या शेवटच्या सप्तकातून (एक सप्तक म्हणजे सात वर्षं असं धरून). ही मांडणी चूक आहे असं मी म्हणत नाही, लाखो प्रामाणिक लोक ती मानतात, पण सगळ्या ख्रिस्ती लोकांनी पहिल्यापासून हेच मानलं असं जे सांगितलं जातं ते खरं नाही.

आता प्रकटीकरण. लिहिणारा योहान, पात्म नावाच्या छोट्या बेटावर, "देवाचं वचन आणि येशूची साक्ष यामुळं" तिथं पोचलेला. बहुतेक अभ्यासक काळ धरतात इ.स. ९५ च्या सुमाराचा, सम्राट दोमितियनच्या वेळचा, काही जण मात्र नीरोच्या वेळचा, म्हणजे ६० च्या दशकातला. पत्र कोणाला? आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागातल्या सात मंडळ्यांना, इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदिकीया. या भागात सम्राटाची पूजा जोरात होती, पर्गमात तर ऑगस्टसचं देऊळ इ.स.पू. २९ पासूनचं. सम्राटापुढं धूप जाळा, "सीझर प्रभू आहे" म्हणा, की झालं, बाजारात, संघात, समाजात तुम्ही चालता. नाही म्हटलं की संशय. थोड्याच वर्षांनी, इ.स. ११२ च्या सुमारास, शेजारच्या बिथुनिया प्रांताचा सुभेदार प्लिनी यानं सम्राट त्रायानला लिहिलेलं पत्र आजही आहे, त्यात तो सरळ सांगतो की ज्यांनी सम्राटाच्या मूर्तीपुढं धूप-द्राक्षारस वाहिला आणि ख्रिस्ताला शाप दिला त्यांना सोडलं, जे हट्टाला पेटले त्यांना मृत्युदंड.

हे डोळ्यापुढं ठेवून १३ वा अध्याय वाचा. समुद्रातून एक श्वापद येतं, चित्त्यासारखं, पाय अस्वलाचे, तोंड सिंहाचं, दहा शिंगं. ओळखीचं वाटलं ना? दानीएलची चारही श्वापदं एकात कोंबलीत. पेपरातल्या राजकीय व्यंगचित्रासारखं आहे हे, त्या काळच्या माणसाला बघताक्षणी कळायचं कोणाबद्दल चाललंय. दुसरं श्वापद जमिनीतून येतं, लोकांना पहिल्याची पूजा करायला लावतं, आणि ज्याच्या हातावर किंवा कपाळावर खूण नाही त्याला खरेदी-विक्री करता येत नाही. आकडा ६६६. हिब्रू अक्षरांना आकड्यांची किंमत असते, "नेरोन कैसर" हिब्रूत लिहून बेरीज केली की ६६६ येते, आणि शेवटचा "न" काढला तर ५० कमी होऊन ६१६, आणि काही जुन्या हस्तलिखितांत खरोखर ६१६ आहे! त्यामुळं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं की इथं नीरोकडं बोट आहे. तरी हे श्वापद नीरोपाशी संपतं असंही नाही, जी जी सत्ता देवाची जागा मागते तिला हा मुखवटा बसतो, आणि पुष्कळ ख्रिस्ती मानतात की शेवटी असा एक माणूस खरंच उभा राहील, पौल ज्याला अनीतिमान पुरुष म्हणतो. पण बारकोड, क्रेडिट कार्ड, चिप, लस, दरवेळी नव्या वस्तूला "हीच ती खूण" म्हणत सुटणाऱ्यांनी एक गोष्ट केलेली नसते, पान उलटून १४ वा अध्याय वाचलेला नसतो. पहिल्याच वचनात १,४४,००० लोक उभे आहेत आणि त्यांच्या कपाळावर कोकऱ्याचं (म्हणजे येशूचं) आणि त्याच्या पित्याचं नाव आहे. त्या नावाला कोणी टॅटू समजत नाही. मुद्दा आहे तुम्ही कोणाचे आहात हा. १,४४,००० म्हणजे १२ गुणिले १२ गुणिले १०००, देवाचे सगळे लोक, असं मी धरतो.

आणि आता ज्याच्यासाठी एवढं लिहिलं तो भाग. पाचवा अध्याय. देवाच्या हातात सात शिक्क्यांनी बंद केलेली गुंडाळी आहे आणि ती उघडायला लायक कोणीच सापडत नाही, योहान ढसाढसा रडतो. राजासनाभोवती बसलेल्या वडीलजनांपैकी एक त्याला सांगतो, रडू नको, यहूदा वंशाचा सिंह जिंकलाय. योहान वळून बघतो तर सिंह नाहीच, वधल्यासारखा दिसणारा कोकरा उभा आहे. अख्ख्या पुस्तकाची किल्ली ही आहे. देवाचा विजय पुढं जाऊन कधीतरी होणार आहे असं नाही, वधस्तंभावर तो आधीच झालाय, आणि उरलेलं पुस्तक म्हणजे तो विजय सगळ्या जगात उघडा पडण्याची गोष्ट. १२:११ बघा, देवाच्या लोकांनी अजगराला (म्हणजे सैतानाला) कशानं जिंकलं? कोकऱ्याच्या रक्तानं आणि आपल्या साक्षीनं, आणि जिवाची पर्वा केली नाही. तलवार कुठंच नाही.

म्हणूनच हर्मगिदोनबद्दल लोकांची जी कल्पना असते ना, रणगाडे, विमानं, महिनाभर चाललेलं महायुद्ध, ती मजकुरात सापडत नाही. हर्मगिदोन हे नाव अख्ख्या बायबलमध्ये एकदाच येतं, १६:१६ ला, आणि तिथं राजे फक्त जमतात. मगिद्दो हे उत्तर इस्राएलातलं जुनं रणक्षेत्र, योशीया राजा इ.स.पू. ६०९ मध्ये तिथंच पडला. मग १९ व्या अध्यायात पांढऱ्या घोड्यावरचा स्वार येतो, त्याचा झगा लढाई सुरू व्हायच्या आधीच रक्तात बुडवलेला, तलवार हातात नसून तोंडातून निघते, म्हणजे शब्द. समोर सैन्यं उभी आहेत आणि पुढच्या वचनात श्वापद धरलं गेलं, संपलं. लढाईचं वर्णनच नाही. देवाला घाम फुटेल अशी लढत योहानानं लिहिलेली नाही.

त्याआधी १८ व्या अध्यायात बाबेल पडते. १७ व्या अध्यायात ही बाबेल सात डोंगरांवर बसलेली बाई म्हणून दिसते, आणि ती म्हणजे रोम हे त्या काळी कोणालाही समजलं असतं, आणि नाव बाबेल का तर इ.स.पू. ५८६ ला बाबेलनं मंदिर पाडलं आणि इ.स. ७० ला रोमनं. तिच्यासाठी रडतं कोण, तर व्यापारी, कारण आता माल कोण घेणार. मालाची यादीच दिलीय, सोनं, रुपं, मोती, जांभळं कापड, दालचिनी, तेल, गहू, गुरं, घोडे, रथ आणि सगळ्यात शेवटी माणसांचे जीव. हा अध्याय चर्चमधल्या संदेशांत फारसा ऐकू येत नाही, का ते तुम्हीच ठरवा.

२० व्या अध्यायातली हजार वर्षं हा तर चर्च फोडणारा विषय. सहा वचनांत सहा वेळा "हजार वर्षं" येतं, सैतान बांधला जातो, ख्रिस्ताबरोबर राज्य होतं, मग सैतान थोडा वेळ सुटतो, गोग-मागोग, म्हणजे देवाच्या लोकांवर चाल करून येणारे शत्रू, येतात (हे यहेज्केल ३८-३९ मधून), स्वर्गातून अग्नी उतरतो. एक गट म्हणतो येशू आधी येईल आणि मग खरोखर हजार वर्षं राज्य करील, दुसऱ्या शतकातले ख्रिस्ती लेखक जस्टिन आणि इरेनियस असंच काहीसं मानायचे. दुसरा गट, जुना धर्मपंडित ऑगस्टिन याच्या वाटेनं जाणारा, म्हणतो हजार हा आकडा प्रतीक आहे, आत्ता मंडळीचा जो काळ चालू आहे तोच तो, कॅथलिक आणि बऱ्याच प्रोटेस्टंट परंपरा इकडं आहेत. तिसरा गट म्हणतो सुवार्ता पसरत जाऊन जग सुधारेल आणि मग येशू येईल, १९ व्या शतकात याची चलती होती, दोन महायुद्धांनंतर उत्साह बराच ओसरला. माझा कल दुसऱ्याकडं आहे, पण यावरून कोणाला खोटा ख्रिस्ती ठरवायची गरज नाही, तिन्ही गट मानतात की येशू येणार, मेलेले उठणार, न्याय होणार.

आणि न्यायात शेवटी अग्नीच्या सरोवरात कोण जातं ते बघा, श्वापद, खोटा संदेष्टा (म्हणजे ते दुसरं श्वापद), सैतान, जीवनाच्या पुस्तकात ज्यांचं नाव नाही ते, आणि मरण. हो, मरण स्वतः. पौलानं करिंथकरांना लिहिलं होतं, शेवटचा शत्रू जो नाहीसा केला जाईल तो मृत्यू. यशया २५ मध्ये त्याच्याही कितीतरी आधी, देव मृत्यू कायमचा नाहीसा करील, सगळ्यांच्या डोळ्यांतले अश्रू पुसील. हे अश्रू पुसणं प्रकटीकरण २१ मध्ये जसंच्या तसं आलंय. आणि तिथं लोक वर स्वर्गात उडून जात नाहीत, उलट शहर खाली येतं, नवं यरुशलेम, देवच माणसांमध्ये राहायला येतो. शहर चौकोनी, लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी १२,००० स्टेडिया, म्हणजे साधारण २,२०० किलोमीटर, जुन्या मंदिराच्या सगळ्यात आतल्या खोलीसारखं, परमपवित्रस्थानासारखं, घनाकार. मंदिर नाही, कारण सगळं शहरच मंदिर. वेशी कधी बंद होत नाहीत. पृथ्वीचे राजे, जे १९ व्या अध्यायात विरुद्ध उभे होते, तेच "पृथ्वीचे राजे" इथं आपलं वैभव आत आणताना दिसतात, आणि जीवनाच्या झाडाची पानं राष्ट्रांना बरं करण्यासाठी आहेत. हे कसं जुळवायचं यावर पानंच्या पानं लिहिली गेलीत, मला एवढंच कळतं की योहानानं शेवटचं चित्र राखेचं काढलेलं नाही.

वाचायचंच असेल तर असं वाचा: दानीएल २ आणि ७, मग मत्तय २४, मग १ थेस्सलनीकाकर ४, मग प्रकटीकरण १ ते ५ सावकाश, मग थेट २१-२२, आणि त्यानंतर मधले अध्याय. त्या मधल्या अध्यायांत सात शिक्के, सात कर्णे आणि सात वाट्या यांच्याबरोबर संकटं येतात, त्यांचा तक्ता करायला लगेच बसू नका, ती २१ संकटं एकामागून एक येतात की तीच गोष्ट तीनदा वेगवेगळ्या बाजूनं सांगितलीय यावरच अभ्यासकांचं अजून एकमत नाही.